पाठकोरा कागद

"साठ हजार!" यास्नाने निकाल टेबलावर आपटला. "कियाय झाडाच्या सालीतल्या फेसाच्या रेणूचं वजन सोळाशेच्या आसपास भरायला हवं, डॉन बेनिग्नो. तुमचं यंत्र चौथ्यांदा साठ हजार सांगतंय!"

डॉन बेनिग्नो एनएमआर यंत्राच्या खोलीबाहेर पाल्ता, म्हणजे अवोकाडोचा गर, लावलेला पाव खात बसले होते. रेणू पाण्यात किती वेगाने पसरतो ते त्यांचं यंत्र मोजायचं. जितका सुस्त, तितका जड. यास्नाचा प्रबंध येत्या सोमवारी द्यायचा होता आणि म्हाताऱ्याने यंत्राची जुळणी बिघडवली याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. त्यांना यंत्रावरून हटवा, असं विभागप्रमुखांना लिहिलेलं पत्र तिच्या बॅगेत तयार होतं. काल, सोमवारी, पहिली प्रत विभागाच्या प्रिंटरने कुठे गिळली कोण जाणे. आज तिने दुसरी काढली होती.

"नमुन्याची नळी दाखव बघू." डॉन बेनिग्नोंनी ती उजेडात धरली आणि ते हसले. "एवढं दाट? पोरी, भरलेली बस काट्यावर चढवतेस आणि एका प्रवाशाचं वजन मागतेस? गर्दी झाली की हे रेणू घोळका करतात. पातळ कर. इतकं, की एकेकटे हिंडतील."

यास्नाचा चेहरा उतरला. एवढी साधी गोष्ट! "पण मग मोजायला दोन दिवस लागतील. यंत्रावर माझा नंबर पुढच्या महिन्यात आहे."

"उद्या-परवा यंत्र देखभालीसाठी माझ्याकडे आहे. देखभाल थांबेल, तुझा सोमवार थांबणार नाही."

त्यांनी खणातून एक पाठकोरा कागद काढला, कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने किती पाणी घालायचं ते मांडलं आणि तिच्या हातात दिला.

शुक्रवारी सकाळी आकडा आला. सोळाशे ऐंशी. यास्नाने म्हाताऱ्याला मिठीच मारली.

"तुमचे उपकार कसे फेडू?"

"उद्या पाव तू आण. पाल्ता जास्त लाव."

जागेवर येऊन तिने बॅगेतलं पत्र फाडलं. बारीक तुकडे केले. देवाची कृपा, त्यांना कळलं नाही. मग तो पेन्सिलीचा कागद वहीत जपून ठेवावा म्हणून तिने डिंक लावायला उलटा केला.

'माननीय विभागप्रमुख, डॉन बेनिग्नो यांच्या बेपर्वाईमुळे...'

वर याच आठवड्यातल्या सोमवारची तारीख होती. खाली तिचं नाव, आणि सहीची जागा कोरी.