विरोधाची पाळी

मागच्या अपघातानंतर महापेच्या त्या केमिकल कारखान्यात नियम झाला होता: मीटिंगमध्ये सगळ्यांनीच माना डोलवायच्या नाहीत, पाळीपाळीने एकाने तरी विरोध करायचा.

"सेफ्टी व्हॉल्व्ह पाच चाचण्यांत तीनदा अडकला," स्मिता म्हणाली. "तो बदलल्याशिवाय रिअ‍ॅक्टर सुरू करू नका. ऑपरेटर दिनानाथकाका दिवसभर तिथंच उभे असतात."

"वा स्मिता, आजचा विरोध एकदम झकास!" मॅनेजर हसले. टाळ्या पडल्या. "चला, नियम पाळून झाला. आता सह्या करा, उद्या सकाळी रिअ‍ॅक्टर सुरू."

कागद फिरत तिच्यापुढे आला. त्यावर सगळ्यांच्या सह्या होत्या, शेजारी बसलेल्या निखिलचीही. तिने पेन खाली ठेवलं.

"सर," ती थकल्या आवाजात म्हणाली, "आज पाळी माझी नव्हतीच. निखिलची होती."