नावाच्या जागी

डोळे मिटा आणि एक घर बघा. भिंती मातीच्या, दार लाकडाचं आणि वर नुसतं आभाळ. आगीत माळवद खाली आलं, तेव्हापासून झान दियारा, त्याची बायको आणि लेकरं याच आभाळाखाली झोपतात. आज सारं गाव माळवद घालायला जमलंय. आणि भिंतीपाशी मांडीवर वाजवायचा पालथा भोपळा घेऊन बसलीय, ती तेनिन. अकरा वर्षांची.

तेनिन जेलींच्या घरातली. कोणी काही दिलं की देणाऱ्याचं नाव आजा-पणजासकट गायचं, हे त्या घराचं पिढीजात काम. बापाचा घसा बसला होता, म्हणून आज पहिल्यांदाच ती एकटी गात होती. बकारी त्राओरेने काठ्यांचा भारा दिला, तिने बकारीला गायलं. कुंभारणीने रांजण दिले, तिने कुंभारणीला गायलं.

मग झान ताडाच्या वाशांपाशी येऊन थांबला. जाड, काळे, वाळवीला दाद न देणारे वासे. पहाटे कोणीतरी गाढवाच्या गाडीतून उतरवून गेलं होतं.

"हे कोणाचे?"

तेनिनने भोपळ्यावरून हात काढून घेतले.

"गा की. जेलीच्या पोरीला नाव आठवत नाही?"

"आठवतंय, झानकाका. पण गाणार नाही."

"पोटात चवळी गेली की या दियारांना वाशाचाही आजा-पणजा लागतो," बकारी म्हणाला. लोक हसले; त्राओरे आणि दियारांनी एकमेकांना चवळीखाऊ म्हणून चिडवायचं, ही जुनीच रीत.

"तू गप, त्राओरे. तुझ्या आज्याला माझ्या आज्याने चवळीच्याच बदल्यात घेतला होता." झान सवयीने बोलला, पण हसला नाही. "हे बघ पोरी, उद्या कोणीतरी दारात येऊन म्हणेल, माझ्या छपराखाली झोपतोस. ते मला नको. नाव सांग, नाहीतर वासे परत जातील."

तेनिनने उखळाकडे मान वळू दिली नाही. तिथे सानाबामावशी बाजरी कांडत होती. काल मावशीनेच तिच्या हातात कोलाचं फळ ठेवलं होतं, जेलीला गाण्यासाठी देतात तसं. "हे गाण्यासाठी नाही, न गाण्यासाठी," ती म्हणाली होती. "लेकरं उघड्यावर झोपतात, मला बघवत नाही. पण त्याच्याकडून मला काही नको. सलामसुद्धा नको." बकऱ्यांवरून भांडण झालं तेव्हापासून ती आणि झान एकमेकांच्या सावलीला उभे राहत नव्हते. नाव कळलं असतं, तर झानने ते वासे कुऱ्हाडीने फोडले असते.

"बोल," झान म्हणाला.

"देणाऱ्याने दोन गोष्टी दिल्या, काका. वासे तुम्हाला दिले, नाव मला सांभाळायला दिलं. तुमचं तुम्ही घ्या. माझ्याकडचं मी कसं देऊ? आणि उद्या कोणी दारात येऊन तसं बोललंच, तर हा तो देणारा नव्हे, असं मी भर चौकात गाईन."

झान वाशांकडे वळला. त्याची धाकटी लेक त्यांचा घोडा करून बसली होती. त्याने तिला उचलून खाली ठेवलं आणि एका वाशाचं टोक खांद्यावर घेतलं.

"मग काय, मुकाट्यानेच चढवायचे? गा काहीतरी."

तेनिनने गाणं उचललं. तिने ताड गायला, तो वाहणारं गाढव गायलं, देणारा हात गायला. नावाची जागा आली तिथे तिने ओठ मिटले आणि भोपळ्यावर दोन ठोके दिले. लोक एकमेकांकडे बघू लागले. पुढच्या वेळी तिथे पोरांनी टाळ्या दिल्या, दोन. उखळातलं मुसळही त्याच ठोक्यावर पडलं, पण तिकडे कोणी पाहिलं नाही. झानचे दोन्ही हात वाशाला गुंतले होते, म्हणून त्याने पाय आपटला, दोनदा.

मग तेनिनने ते कडवं पुन्हा पहिल्यापासून घेतलं.