इक्वॅनिमिटीचा दृष्टांत

“समोरचा प्रवासी अंगावर धावून ओरडतोय. अशा वेळी तुझ्यात कोणता गुण हवा?” टायवाल्या साहेबांनी विचारलं.

भाविकाला उत्तर ठाऊक होतं. विमानतळाच्या मदत-काउंटरवर नोकरी हवी तर हा इंग्रजी शब्द तोंडात हवाच, असं क्लासच्या सरांनी बजावलं होतं. पण आठवडाभर घोकलेला तो लांबलचक शब्द पनवेलच्या त्या गारेगार ऑफिसात नेमका कुठे दडी मारून बसला, देव जाणे!

तिने टेबलाखाली मांडीवर हलकेच ठेका धरला. तिचे बाबा गव्हाणच्या देवळात कीर्तनाला टाळ धरायचे. निघताना म्हणाले होते, “अगो, नुसता शब्द टिकत नाय. त्याला ताल दे, वर एक दृष्टांत दे. मंग जातोय कुठं?”

इक्... वॅ... नि... मि... टी!

“इक्वॅनिमिटी, सर!”

“म्हणजे गं काय?” साहेबांशेजारी बसलेल्या शोभा मॅडम म्हणाल्या. “मराठीत सांग, चालेल.”

“म्हणजे, मॅडम, काहीही झालं तरी मन ढळू न देणं... आमच्या आनंदा आजोबांच्या शेताचा बांध फुटला. खाडीचं खारं पाणी उभ्या भातात शिरलं. सगळा गाव बोंब मारत जमला. आजोबा आले, गुडघाभर पाण्यात उभे राहिले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.” भाविकाचा आवाज नकळत चढला, हात हलू लागले. “आणि आजीला काय म्हणाले? ‘हौसा, भात गेला. जालं आन, मासली आली हाय!’”

मॅडम खुदकन हसल्या. टायवाल्या साहेबांची मान डोलली. कीर्तनात दृष्टांत असा रंगला की पुढे काय करायचं, हे भाविकाला कुणी शिकवावं लागत नव्हतं. तिचे दोन्ही हात आपसूक वर गेले.

“बोला, पुंडलिक वरदेऽऽ!”

भाविका भानावर आली. गेली नोकरी! हात खाली घ्यायचंही तिला सुचेना.

“हाऽरी विठ्ठल!” टायवाल्या साहेबांनी डोळे मिटून, हात वर करून खणखणीत साथ दिली. आणि दाराबाहेर बाकांवर ताटकळलेल्या उमेदवारांतून गजर उठला, “श्री ज्ञानदेव तुकाराम!”

“सोमवारपासून जमेल?” हसून ओले झालेले डोळे पुसत मॅडमनी विचारलं.

साहेबांचे हात अजून वरच होते.