डावं बटण

जेवणाची सुट्टी संपत आली होती आणि मिस्त्री प्रेस मशीनच्या डाव्या बटणावर ठोकलेली लाकडी पाचर उपसायला बसला होता.

या मशीनखाली पत्र्याची झाकणं निघतात. त्याला दोन बटणं, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. ही सोय काढणारा देवमाणूस असावा. फक्त त्याला नगावर मजुरी मिळत नसावी. इथल्या बायांनी पाचर मारून डावं बटण कायमचं दाबून टाकलं होतं. उजव्या हाताने बटण दाबायचं, डाव्याने झाकण ओढायचं. माल भराभर निघतो. आज सकाळी शेजारच्या मशीनवर एकीची बोटं त्यातच गेली होती.

"अरे, काय चालवलंयस?" त्याची थोरली बहीण धावत आली. हे मशीन तिचं.

"सगळ्यांच्या पाचरी काढतोय, ताई. सकाळी बघितलंस ना?"

"आणि माल कोण काढणार, तुझा सासरा?" मागून एकजण म्हणाली. "ऑर्डर दुसऱ्या देशात चाललीय. तिथल्या बाया आपल्यापेक्षा स्वस्तात काढतात."

"त्यांनीही पाचरीच मारल्या असतील."

"मग आधी त्यांच्या काढून ये."

बहिणीने त्याचा दंड धरला. "या मशीनआधी मी लोकांची उष्टी भांडी घासत होते. आता घरावर स्लॅब आहे, पोरगी नर्सिंगला आहे. परत पाठवतोस मला तिकडे?"

"तुझे हात तरी राहतील."

"ते घेऊन काय चाटू?"

त्याने दंड सोडवला आणि छिन्नीवर घाव घातला. पाचर उडून फरशीवर पडली.

"पोटावर पाय देतो मेला!" कोणीतरी ओरडलं. एकीने मागून केस धरले. दुसरीने न घासलेलं झाकण फिरवलं, त्याच्या धारेने गाल ओठापर्यंत उघडला. तो गुडघ्यांवर आला तशा लाथा बसू लागल्या, पाठीत, बरगड्यांत. सकाळी त्या बाईचं रक्त थांबवायला आपली फडकी फाडणाऱ्या याच बाया. तरीही तो हात लांबवून पुढच्या मशीनची पाचर चाचपत होता. तेव्हा बहिणीने त्याचीच हातोडी उचलली आणि त्याच्या उजव्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. लाथा थांबल्या.

सुपरवायझर दारात उभा होता. त्याने मिस्त्रीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"सुट्टी संपली," एवढंच म्हणून तो गेला.

बाया आपापल्या जागी गेल्या. बहीण पाचर परत बसवू लागली. एका हाताने धरलेली पाचर सारखी घसरत होती. मिस्त्री मशीनला धरून उठला.

"अशी ढिली ठेवू नकोस," तोंडातलं रक्त थुंकून तो म्हणाला. "ठोकळा अवेळी पडेल."

त्याने डाव्या हाताने पाचर बटणावर नीट धरली. बहिणीने डोळे पुसले, हातोडी उगारली.

"बोटं सांभाळ रे," ती म्हणाली.