काळं औषध

"ते काळं नको मॅडम, साधं फ्लोराइडचं वॉर्निश लावा," ताई म्हणाली, इतक्या हळू की खुर्चीत आ वासून बसलेल्या तिच्याच मुलीला ऐकू जाऊ नये.

मॅडमनी मास्क खाली केला. "वॉर्निश कीड लागू नये म्हणून, फार तर नुकती लागली असेल तर. इथे चांगली दोन भोकं पडलीयेत, तीही पुढच्या दातांना. कीड थांबवायची तर काळंच. आता हे मी तुम्हाला सांगू? चार वर्षं तुम्हीच सांगताय सगळ्यांना."

सांगत होतीच की. याच मॅडमच्या हाताखाली काम करता करता, छातीठोकपणे. दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत, डाग काळा झाला तर होऊ दे, लावून टाका. कुरकुरणाऱ्या आया चुटकीसरशी गप्प. पण त्या पोरी दुसऱ्यांच्या होत्या. ही काळे दात घेऊन घरी गेली की जाऊबाई काय म्हणणार, ते ताईला आत्ताच ऐकू येत होतं: दातांच्या दवाखान्यात नोकरी, आणि पोरीचं तोंड बघा.

"दात पडेपर्यंत वॉर्निशवर काढू," ती पुटपुटली.

"भोकं वाढली, दात ठणकायला लागले, तर उपटावे लागतील. पण आई तुम्ही आहात." मॅडमनी वॉर्निशचं पाकीट तिच्या हातात ठेवलं.

ती ते फोडतेय तोच दार ढकलून एक बाई लेकीला घेऊन आत. "ताई, बघा तुमची पेशंट. कीड जिथल्या तिथे थांबली. सासूबाई म्हणाल्या, पोरीचं रूप घालवलंस. पण तुम्ही सांगितलं होतंत ना, मग मी कुणाचं ऐकते कशाला." मग तिचं खुर्चीकडे लक्ष गेलं. "अगंबाई, ही तुमची? हिलाही आमचंच औषध ना?"

"हो," ताई म्हणाली. पाकीट मुठीत गेलं. मॅडम उगाचच हात धुवायला लागल्या.

बाईची लेक तुरुतुरु खुर्चीपाशी गेली. "दुखत नाही गं," ती मोठ्या शहाण्यासारखी म्हणाली. "फक्त नंतर हसताना असं करायचं." आणि वरचा ओठ खाली ओढून, एकही दात दिसू न देता, ती हसली.

खुर्चीतली ताईची मुलगी, तोंडात कापसाचे बोळे तसेच, ओठ ओढून बघायला लागली.