दोरापलीकडे

पाहुणे बसले, तसा थिओडोराच्या आईने दिवाणखान्यात लाल रेशमी दोर ताणून घेतला. अलीकडे मखमली खुर्च्या आणि घरचा पियानो, पलीकडे पैसे देऊन बोलावलेले वादक. दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमधल्या बड्या घरांची ही रीतच होती. वादकाने दोर ओलांडायचा नाही.

आज थिओडोरा पियानो वाजवणार होती आणि साथीला व्हायोलिनवर सायलस होता. नंतर जेवणाच्या टेबलावर एका लॉर्डशी तिचं लग्न ठरल्याचं जाहीर व्हायचं होतं. सहा महिने सायलसबरोबर तालीम करताना तिने मात्र मनाशी वेगळंच ठरवलं होतं.

"आई, त्याला तिथून माझे हात दिसत नाहीत."

"अंदाजाने वाजवेल. तेवढ्यासाठी काय त्याला इकडे घ्यायचं?"

"नको. मीच जाते."

तिने नोकरांकडून दोर उचलून पियानो पलीकडे ढकलून घेतला आणि स्वतः दोराखालून वाकून गेली. पाहुण्यांना गंमत वाटली. आईलाही हसावं लागलं.

"एकदा इकडे आलात की परत घेणार नाहीत ते तुम्हाला," सायलस हळूच म्हणाला.

"तुम्ही सूर जुळवा."

दोघं एकमेकांकडेच बघत वाजवत राहिली. वादन संपलं, तेव्हा मघाचं हसू कुणाच्याच चेहऱ्यावर उरलं नव्हतं.

बटलरने जेवण तयार असल्याची वर्दी दिली. पाहुण्यांची ताटं वर मांडली होती, वादकांचं सूप खाली स्वयंपाकघरात. लॉर्डने दोरावरून हात पुढे केला. थिओडोराने तो घेतला नाही.

"आई, माझं ताट खाली वाढायला सांग."