उंबऱ्यापर्यंत

"जेवणघरापर्यंत आवाज साफ आहे, प्रेमाक्का. पुढं खरखर," देवाप्पा म्हणाला आणि त्यानं बिनवायरच्या फोनची एरियल पुन्हा वर ओढली.

नऊ वाजून गेले होते. साडेनऊला अमेरिकेतून शमिकाचा फोन यायचा. लेकीला आठवा महिना, त्यात रक्तदाब चढलेला. विमानाचं नावही काढू नको, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. आणि गेल्या रविवारी ती हट्टाला पेटली होती. पुढच्या खेपेला बाबांचा आवाज ऐकव, नाहीतर मी निघालेच. महिन्यापूर्वी त्यांच्या छातीत कळ आली, तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हती.

प्रेमाचे यजमान विद्याधरराव दर रविवारी सकाळी देवघरात कीर्तनाला उभे राहत. एकदा उभे राहिले की फोन तर सोडाच, दारी आलेल्या पाहुण्यालाही ओ देत नसत. बंगळूरच्या बसवनगुडीतल्या त्या गल्लीला हा नेम पाठ होता, शमिकालाही. म्हणजे फोनच त्यांच्यापर्यंत न्यायला हवा. जुना फोन दिवाणखान्यात भिंतीला जखडलेला. देवघर पार मागे.

देवाप्पा शेजारचा, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला. मूळचा कन्नड, पण विद्याधररावांमागे वीस वर्षं टाळ धरणारा. त्यानं वायर जोडून नव्या फोनची बैठक माजघरातल्या फडताळावर नेली. प्रेमा रिसीव्हर कानाला लावून त्यातला डायलचा सूर ऐकत एकेक खोली ओलांडू लागली. ओट्यावर देवाप्पाच्या बायकोनं, पद्मावतीनं, पाठवलेला डबा होता. आठवडाभर तीच पाठवत होती. देवघराच्या उंबऱ्याशी आली तरी सूर तुटला नाही.

"सरी, ठीक आहे. इथंच थांबायचं," देवाप्पानं सांगितलं. "आत स्वल्पसुद्धा, जरासुद्धा यायचं नाही." टाळ घेऊन तो पडद्याआड गेला.

प्रेमा दिवाणखान्यात परतली, तोच हातातला फोन वाजला. शमिकानं आधी बाबांचंच विचारलं. प्रेमा बोलत बोलत देवघराकडे चालू लागली.

पडद्यामागून टाळ झणकारला आणि तो आवाज आला. खर्जातला, ओथंबलेला, देवाच्या नावाशी आला की जरासा कापणारा. पलीकडून शमिकानं नाक ओढल्याचा आवाज आला.

मध्येच खोकला.

"खोकतायत गं. औषध घेतात ना?"

"आता काही त्रास नाही त्यांना."

"त्यांना सांग, बाळाचं नाव त्यांनीच ठेवायचंय." ती हसली. आता कुठं जात नाही म्हणाली, झोपते म्हणाली.

प्रेमानं फोनचं बटण दाबलं आणि उंबऱ्यावरच बसली. आत कीर्तन अर्ध्या शब्दावर खट्कन थांबलं.

देवाप्पा पडदा सारून बाहेर आला. एका हातात टाळ, दुसऱ्या हातात कॅसेट.

"पुढल्या रविवारी दुसरी बाजू लावू," तो म्हणाला. जरा घुटमळला. "गुरुजी विचारत होते, अक्का. गुरुवारी तेराव्याला पानं किती मांडायची?"